जुन्या हाडांना तहान लागत नाही

मार्गासनीच्या फाट्यावर रस्ता दोन दिशांना फुटतो. सरळ गेलं की वेल्हे आणि तोरणा, डावीकडे वळलं की साखर, गुंजवणे आणि राजगड. पुण्याहून येताना चेलाडी फाट्याला सातारा महामार्ग सोडायचा, नसरापूर मागे टाकायचं आणि गुंजवणीच्या खोऱ्यात शिरायचं. जुन्या कागदांत या खोऱ्याला गुंजण मावळ म्हणतात. सुट्टीच्या दिवशी फाट्यावर पुण्याची पोरं मोटारसायकली लावून चहा घेतात, पाण्याच्या बाटल्या भरतात आणि गडाकडे निघतात. गावातली माणसं मात्र कामाशिवाय गडावर जात नाहीत. माझ्या मामींना काम होतं. गडावरच्या पद्मावतीची ओटी भरायची राहिली होती.

गेल्या मे महिन्यातली ही गोष्ट. आम्ही चौघं निघालो. मामा ७२ वर्षांचे, मामी ६६ च्या, मी ५१, आणि मामांचा नातू १९ वर्षांचा. खरं तर उजाडताच निघायचं ठरलं होतं, पण त्या पहाटे राब भाजायचा होता. भाताचं रोप टाकायची जागा भाजून घ्यायची ही इकडची जुनी रीत. वाफ्यावर शेण, वाळलेली कवळं, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. तो धडाडून पेटू द्यायचा नसतो, धुमसत ठेवायचा असतो. म्हणजे कोणीतरी हातात ओली फांदी घेऊन त्या धगीभोवती फिरत राहायला हवं. आमच्या घरी ते काम मामी करतात. आम्ही गुंजवण्यात पोचून चढायला लागलो तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि मामींचं अंग पहाटे पाचपासून भाजून निघालेलं होतं.

खालच्या रानात थोडी सावली आहे. सोंडेवर आलं की ती संपते. तिथून पुढे डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला मुरूम, आणि वर चोरदरवाजाचा कडा. नातू केव्हाच पुढे पळाला होता. मी दर वळणावर थांबून पाणी पीत होते. मामी पदर डोक्यावरून ओढून एका लयीत चढत होत्या. मामा सगळ्यांना ऐकवत होते, “सारखं सारखं पाणी कशाला पिता गं? मला बघ, सकाळचा चहा, त्यावर काही नाही. जुनी हाडं आहेत ही.”

मग मामा बोलायचे थांबले. मला बरं वाटलं, दम राखताहेत म्हणून. थोड्या वेळाने ते नातवावर उगाचच खेकसले. काठी कुठे ठेवली म्हणून, आणि काठी त्यांच्याच हातात होती. त्यानंतर सपाट जागेवर त्यांचा पाय वाकडा पडला. मी त्यांचा दंड धरला तर कातडी तव्यासारखी लागली. कपाळावर घाम होता. सदऱ्याची पाठ मात्र कोरडी होती.

आम्ही त्यांना करवंदीच्या जाळीआड जेवढी मिळेल तेवढ्या सावलीत आडवं केलं. नातवाने धावत खाली जाऊन वाटेवरच्या ताकवाल्या बाईंकडची कळशी आणली. उपरणं भिजवून डोक्यावर, छातीवर, काखेत फिरवत राहिलो, टोपीने वारा घातला. अर्ध्या तासाने त्यांनी डोळे नीट उघडले आणि मीठ घातलेलं ताक घोटघोट घेतलं. चढ तिथेच सोडला. ओटीचं ताट मामींच्या हातात तसंच होतं. ताकवाल्या बाई म्हणाल्या, “द्या आजी, मी उद्या पहाटे वर जाणारच आहे. तुमच्या नावाने भरते.” मामींनी ताट दिलं. वरच्या देवळाकडे हात जोडले आणि आम्ही उतरलो.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न सोडेना. डोंगर तोच, ऊन तेच, वाट तीच. मग चार अंगांनी ते चार वेगळ्या तऱ्हांनी का सोसलं? आणि आपण ज्या समजुतींवर विसंबून होतो त्या कुठे चुकल्या? ‘बायकांना ऊन सोसत नाही.’ ‘जुनी हाडं काटक असतात.’ ‘तरण्या पोराला काय होतंय?’ हे सगळं मीही आयुष्यभर ऐकलंय आणि बोललेय.

आधी साधा हिशेब. माणसाचे स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामी लावतात. बाकीचे तीन हिस्से उष्णता होऊन अंगातच उरतात. गुंजवण्यापासून पद्मावती माचीपर्यंतचा चढ साधारण सहाशे मीटरचा धरू. ६५ किलोच्या माणसाला स्वतःचं वजन तेवढं वर न्यायला खऱ्या कामाच्या नव्वदएक किलोकॅलरी लागतात. तेवढ्यासाठी शरीर साडेतीनशेच्या वर जाळतं, आणि त्यातल्या पावणेतीनशे नुसती धग म्हणून मागे राहतात. ही धग बाहेर पडलीच नाही, तर अंगाचं तापमान पाच अंशांनी चढेल, म्हणजे ३७ चं ४२ होईल. ४० च्या वर गेलेल्या अंगाला भ्रम झाला की त्याला उष्माघात म्हणतात. यात सूर्याने वरून ओतलेली उष्णता अजून धरलेलीच नाही.

ही धग बाहेर टाकायच्या शरीराच्या वाटा दोन. एक, आतलं गरम रक्त कातडीपाशी आणायचं. दुसरी, घाम. हवा कातडीपेक्षा थंड असते तोवर पहिली वाट चालते. हवा ३५-३६ अंशांच्या पुढे गेली की कातडी उष्णता द्यायच्या ऐवजी घ्यायला लागते आणि सगळी भिस्त घामावर येते. एक लीटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे त्या चढासाठी निदान अर्धा लीटर घाम वाळला पाहिजे. वाळला पाहिजे, हे महत्त्वाचं. टपकून मातीत पडलेला घाम अंगातलं पाणी नेतो, उष्णता नेत नाही. म्हणून पावसाआधीच्या दमट दुपारी आपण निथळतो आणि तरीही उकडतच राहतं.

हे सगळं चालतं हृदयाच्या जिवावर. रक्त एकच, त्यावर हक्क सांगणारे अनेक. चढणारे पाय मागतात, तापलेली कातडी मागते, मेंदू तर मागतोच. त्यात पाणी कमी पडलं की रक्ताचंच प्रमाण घटतं आणि ओढाताण वाढते. वय आणि लिंग यांचा प्रभाव नेमका या ओढाताणीत उतरतो.

मामांच्या कोरड्या पाठीचं उत्तर मला जपानी संशोधकांच्या कामात सापडलं. योशिमित्सु इनोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की म्हातारपणी घाम सगळ्या अंगाचा एकदम कमी होत नाही. तो पायांपासून आटत येतो. आधी मांड्या-पिंडऱ्या, मग पाठ, मग छाती-पोट, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी कपाळ. घामाच्या ग्रंथी मरत नाहीत, जागेवरच असतात, पण प्रत्येकीतून येणारं पाणी कमी होतं. म्हणून कपाळावरचा घाम बघून ‘अजून घाम येतोय, ठीक आहे’ असं म्हणणं म्हातार्‍या माणसाबाबत फसवं ठरू शकतं. मी तेच म्हटलं होतं.

दुसरी वाटही अरुंद होते. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठात लॅरी केनी यांनी कित्येक वर्षं हाच विषय धरून ठेवला आहे. साठी ओलांडलेल्यांच्या कातडीकडे उन्हात जाणारं रक्त तरुणांच्या तुलनेत पाव ते निम्म्याने कमी भरतं, असं त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या फाकत नाहीत, आणि पोटाकडचं रक्त तात्पुरतं कमी करून बाहेर पाठवायची शरीराची चलाखीही मंदावते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही वयाबरोबर उतरते. एका प्रचलित सूत्रानुसार वयाची सात-दशांश पट २०८ मधून वजा करायची. तिशीत १८७ येते, मामांच्या वयात १५८ च्या आत. घोडं तेवढंच, पण वरचे दोन गिअर गेलेले.

आणि तहान. सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही. १९८४ मध्ये ऑक्सफर्डला एक प्रयोग झाला. ६७ ते ७५ वर्षांचे सात निरोगी, हिंडते-फिरते पुरुष आणि २० ते ३१ वर्षांचे सात तरुण यांना २४ तास पाण्याविना ठेवलं. रक्त तपासलं तर म्हातार्‍यांच्या शरीराला पाण्याची गरज तरुणांइतकीच, किंबहुना जास्त होती. पण त्यांना तहान तेवढी लागलीच नाही. नंतर समोर हवं तेवढं पाणी ठेवलं तरी ते कमी प्यायले. मामा ज्याला काटकपणा म्हणत होते, तो काटकपणा नव्हता. आग लागली होती आणि घंटा वाजत नव्हती. वयाबरोबर मूत्रपिंडंही पाणी धरून ठेवायला कमी पडतात. त्यात मामांना रक्तदाबासाठी जी गोळी चालू आहे, ती लघवी वाढवणारी आहे. गावात साठीपुढची माणसं असलेल्या कितीतरी घरांत अशी एखादी पट्टी सापडेल, आणि उन्हाळ्यात त्या गोळीबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारायचं असतं, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं.

पण जुन्या हाडांबद्दल मामांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हेही मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. १९६५ मध्ये अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ सिड रॉबिन्सन यांनी चार पुरुषांची उष्णतेतली चाचणी छापली. याच चौघांची तशीच चाचणी २१ वर्षांपूर्वी झालेली होती. आता ते ४४ ते ६० वर्षांचे होते. उन्हाला सरावायला ते जवळपास पूर्वीइतकेच समर्थ निघाले. सराव ही खरी गोष्ट आहे. रोज थोडं थोडं उन्हात कष्ट केले की एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत कामगारांना खोल गरम बोगद्यात पाठवण्याआधी असं सरावून घेत. वय झालेलं पण चालतं-फिरतं शरीर या बाबतीत बसून राहिलेल्या तिशीच्या शरीराला मागे टाकू शकतं. घोटाळा असा, की सराव टिकत नाही. मामा दोन वर्षांपासून शेतावर जात नव्हते, गुडघा दुखतो म्हणून. ओसरीवर बसलेल्या माणसाचं अंग दोन-तीन आठवड्यांत उन्हाला परकं होतं. त्यांच्या मनात मात्र ते अजून तेच होते, नांगर धरणारे.

आता मामी. त्यांच्याबद्दल लिहिताना मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण चौघांत सगळ्यांत जास्त उन्हातून गेलेलं अंग त्यांचं होतं आणि त्या दिवशी त्यांच्याकडे कोणीही पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

‘बायकांना ऊन सोसत नाही’ या समजुतीला एके काळी शास्त्राचाही आधार मिळाला होता. पण ते प्रयोग कसे झाले ते पाहावं. एकीकडे कसलेले सैनिक किंवा खाणकामगार, दुसरीकडे व्यायामाची सवय नसलेल्या स्त्रिया, आणि दोघांना एकाच वेगाने चालवायचं. जिचं शरीर लहान आणि ताकद कमी, तिला तेच काम जड जाणार. पुढे संशोधकांनी प्रत्येकाच्या कुवतीनुसार काम दिलं, सारख्या दमाची माणसं निवडली, तेव्हा हा फरक बराचसा विरघळला. जो उरला तो असा. स्त्रीच्या कातडीत एका चौरस सेंटिमीटरवर घाम देणाऱ्या ग्रंथी जास्त असतात, पण प्रत्येकीचा घाम कमी. कोरड्या कडक उन्हात फार जोराचं काम असेल तर त्यामुळे ती मागे पडते. ऑटावा विद्यापीठातल्या गान्यों आणि केनी (हे ग्लेन केनी, वरचे लॅरी वेगळे) यांनी हे नेटकेपणाने मोजलं आहे. दमट हवेत मात्र पारडं फिरतं. पुरुषाचा जादा घाम तिथे नुसता टपकून वाया जातो. स्त्री पाणी राखते, आणि वजनाच्या मानाने तिच्या कातडीचा पसारा जास्त असल्यामुळे उष्णता सोडायला तिला सोयीचं पडतं. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत अंगाचं तापमान मुळातच ०.३ ते ०.५ अंशांनी वर असतं आणि घाम थोडा उशिरा सुटतो. पण सरावलेल्या अंगाला त्याने फारसा अडसर होत नाही.

एवढाच फरक. एवढ्यावरून जगाने बायकांना किती वर्षं घरी बसवलं! १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, धावपटू शेवटी थकल्या, त्याच्या रंगवलेल्या बातम्या छापून आल्या आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडलं. लॉस एंजेलिसच्या त्या उन्हात स्वित्झर्लंडची ३९ वर्षांची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये शिरली ती एका कुशीवर कलंडत, झोकांड्या खात. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. डॉक्टर शेजारून चालत होते, पण त्यांनी तिला अडवलं नाही. तिच्या अंगाला घाम सुटलेला त्यांना दिसत होता. ती ३७ वी आली आणि लवकरच सावरली. त्याआधी १९५४ मध्ये व्हँकुव्हरला इंग्लंडचा जिम पीटर्स मॅरेथॉनमध्ये सतरा मिनिटांनी पुढे असताना स्टेडियममध्ये पुन्हा पुन्हा कोसळला आणि शर्यत पुरी करू शकला नाही. त्यानंतर पुरुषांनी लांब धावू नये असं कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्याच जिल्ह्यात २०१३ मध्ये बारामतीला साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्या स्वतःच होत्या. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या अंगात काय असतं हे त्यांना बघून शहराला कळलं. माझ्या मामींना ते कळायला बारामतीला जावं लागलं नसतं.

मग बायका उन्हात मरतात ते का? कारण मरतात, हेही तितकंच खरं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने सुमारे ६१ हजार माणसं गेली असा अंदाज निघाला. त्यात बायकांचे मृत्यू पुरुषांपेक्षा ६३ टक्के जास्त. याचं एक कारण वय: बायका जास्त जगतात, आणि फार म्हातार्‍या, एकट्या राहणाऱ्यांत त्याच जास्त असतात. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारपर्यंत उघड्यावर चालला. पारा ३८ च्या आसपास होता. समुद्रकाठी हवामान खातं ३७ लाच उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं. त्या दिवशीच्या उन्हाने १४ जण गेले, त्यांत बायका जास्त होत्या. शवविच्छेदनात बहुतेकांच्या पोटात कित्येक तासांत अन्न गेलेलं नव्हतं असं आढळलं. ती माणसं धावत नव्हती, डोंगर चढत नव्हती. नुसती बसलेली होती.

राजगडावरून उतरल्यावर मामींशी झालेलं बोलणं मी विसरू शकत नाही. संध्याकाळी ओसरीवर मी त्यांना विचारलं, “मामी, तुम्ही दिवसभरात पाणी किती प्यायलात?” त्या म्हणाल्या, “राबाला गेले तेव्हा एक तांब्या. मग नाही.” मी विचारलं, तहान लागली नाही? त्या हसल्या. “लागली की. पण पाणी प्यायलं तर मग जायचं कुठं? राबावर चार बाप्ये असतात. गडाच्या सोंडेवर तर झाडसुद्धा नाही. लग्न होऊन आल्यापासून अशीच सवय लागलीय.”

मामांची घंटा वाजत नव्हती. मामींची वाजत होती, आणि त्या पन्नास वर्षं तिच्यावर हात ठेवून होत्या.

हे कुठल्याही प्रयोगशाळेच्या आलेखात दिसत नाही. घामाच्या ग्रंथींतला फरक शास्त्रज्ञ दशांशांत मोजतात, आणि इकडे बाई आडोसा नाही म्हणून अंगातलं लीटर-दीड लीटर पाणी रोज तुटू देते. त्यावर नऊवारीचा कासोटा, पोलकं, डोक्यावर पदर: वाऱ्याला अंगापाशी यायला वाटच नाही. त्यावर रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, पुरुषांत हाच आकडा २५ टक्के. पातळ रक्त घेऊन चढणाऱ्या हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. आणि या सगळ्यावर घरी परतल्यावर चूल. आम्ही उतरलो त्या संध्याकाळी मामा खाटेवर झोपले होते, मी पंख्याखाली होते, आणि मामी भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्या अंगातली उष्णता मोजली असती तर पहाटेपासून ती एकदाही नीट खाली आलेली नसती.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट याच धाग्याची आहे, फक्त फार टोकाला गेलेली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याला पैसे कापले जातात, फडात ना आडोसा ना पाणी, जंतुसंसर्ग होत राहतो, आणि कोणीतरी ऑपरेशनचा सल्ला देतं. अंडाशय शाबूत राहिले तरी अशा बाईची रजोनिवृत्ती काही वर्षं आधी येऊ शकते. तेही काढले तर एका दिवसात येते. ज्या इस्ट्रोजेन संप्रेरकाच्या आधारावर अंग लवकर घाम सोडतं, कातडीकडे रक्त मोकळं करतं, ते तिशी-पस्तिशीतच गेलं. वय माणसाला कसं गाठतं याची चर्चा करताना आपण नेहमी वर्षं मोजतो. त्या बायकांचं वय फडाने पुढे ढकललं.

माझ्याबद्दल थोडक्यात. ५१ व्या वर्षी मी रजोनिवृत्तीच्या बदलाच्या मधोमध आहे. मेंदूत तापमानावर लक्ष ठेवणारं जे ठाणं आहे, ते एरवी थोडाफार चढ-उतार चालवून घेतं. इस्ट्रोजेन घटलं की त्याची ही सहनशीलता आक्रसते आणि अंग किंचित तापलं तरी सगळी यंत्रणा एकदम सुटते. चेहरा पेटतो, घामाचा लोट येतो, छाती धडधडते. सोंडेवर मला दोनदा असं झालं. मी घाबरून दोन्हीदा बसले आणि ढसाढसा पाणी प्यायले. नुसतं पाणीच पीत राहण्यातही धोका असतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घातक दिशेने उतरलेलं होतं. सावकाश धावणारे आणि वाटेत जास्त पाणी पिऊन वजन वाढवून आलेले त्यांत पुढे होते. म्हणून ताकातलं मीठ. म्हणून एक लीटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताकवाल्या बाईंना हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्या बरोबर होत्या.

आणि तो पोरगा. तो पोलीस भरतीची तयारी करतो. मार्गासनी ते साखर रस्त्यावर अशी पाच-सहा पोरं आणि दोन पोरी रोज धावतात. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. चौघांत सगळ्यांत धडधाकट तोच, आणि म्हणूनच त्याची काळजी कोणी केली नाही. उतरताना तो हळूच म्हणाला, “आत्या, कळशी घेऊन वर आलो तेव्हा डोकं ठणकत होतं, उलटी होईल असं वाटत होतं. पण आजोबांचं तसं झालेलं, म्हणून बोललो नाही.” तरुण अंग भराभर धग तयार करतं, म्हातार्‍या अंगापेक्षा बरीच जास्त. इच्छा जबर असेल तर ते धोक्याच्या खुणा ओलांडून पळत राहतं. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या तेव्हाच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत निदान चार तरुण दगावले. म्हातारी माणसं लाटेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात हळूहळू जातात, तरणी पोरं तासाभरात. अशा वेळी आधी अंग गार करायचं आणि मग गाडीत घालायचं. बर्फ, विहिरीचं पाणी, ओली चादर, जे हाताशी असेल ते. १०८ ला फोन लावावाच, पण गाडी नसरापूरकडून येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. त्या पोराच्या गटाला मी एवढं मात्र सांगून आले, आणि पहाटे सहाच्या आत धावणं संपवायचं त्यांनी कबूल केलं आहे.

कार्तिकात आम्ही पुन्हा गेलो. मामांनी त्याआधी महिनाभर रोज सकाळी फाट्यापर्यंत चालत जाऊन यायचं पथ्य पाळलं, गोळीचं डॉक्टरांना विचारून घेतलं, आणि नातवाने त्यांच्या गळ्यात दोरीने बाटली अडकवली. तहान असो वा नसो, दर वळणावर दोन घोट. कुरकुरत का होईना, ते पीत होते.

गुंजवण्यात उतरलो तेव्हा अजून झुंजूमुंजू होतं, थंडी होती. मामींनी माझ्या हातातली बाटली मागून घेतली आणि अर्धी रिकामी केली. मग त्यांनी मला खालच्या रानात वाटेपासून जरा आत, करवंदीच्या जाळीपाशी नेलं. म्हणाल्या, “तू इथं वाटेकडे तोंड करून उभी राहा. कोणी आलं तर खोक. मी जाऊन येते.”

मी ओटीचं ताट हातात धरून उभी राहिले.